तरुण छातीतली ‘उसण’ आणि मिटलेले फुप्फुस

सकाळचे नऊ वाजलेले असतात. विशी-एकविशीचा नातू अंघोळ करून शर्टाची बटणे लावत असतो. एकाएकी तो थबकतो. उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आत, सुरी खुपसावी तशी कळ आलेली असते. दीर्घ श्वास घेऊ गेला की ती अधिकच टोचते आणि खांद्यापर्यंत जाते. तो पलंगाच्या कडेला बसून आखूड श्वास घेऊ लागतो. घरातली वडीलधारी मंडळी जवळ येतात. आजोबा म्हणतात, उसण भरली असेल. आजी म्हणतात, रात्री उशिरा बाहेरचे खाल्ले, वायू धरला. ओवा येतो, गरम पाण्याची पिशवी येते, बाम येतो. दुपारपर्यंत कळ बरीच उणावते. मुलगा दोन घास जेवतो आणि घर निश्चिंत होते. संध्याकाळी मात्र एरवी दोन-दोन पायऱ्या चढणारा हा मुलगा जिन्याच्या मध्यावर कठडा धरून उभा राहतो.

हे चित्र प्रातिनिधिक आहे. परंतु अचानक मिटलेल्या फुप्फुसाची कहाणी बहुतेक वेळा याच क्रमाने घडते. तिच्यात फसवणूक करणारी गोष्ट एकच, ती म्हणजे दुपारी उणावलेली कळ. कळ थांबली याचा अर्थ फुप्फुस पुन्हा उघडले, असा होत नाही. या लेखातून एवढी एक गोष्ट जरी आपल्या ध्यानात राहिली, तरी घरातल्या एखाद्या तरुणाचे मोठे संकट टळू शकेल.

आत नेमके काय घडते?

आपल्या फुप्फुसावर एक पातळ, ओलसर आवरण असते. छातीच्या पिंजऱ्याला आतून तसेच दुसरे आवरण असते. या दोन पदरांमध्ये द्रवाचा अगदी पातळ थर असतो, हवा मुळीच नसते. फुप्फुस स्वभावतः लवचीक असल्यामुळे ते फुग्यासारखे आक्रसू पाहते. छातीचा पिंजरा मात्र बाहेरच्या बाजूस ताणलेला असतो. या ओढाताणीमुळे दोन पदरांमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी राहतो आणि त्या ओढीमुळेच फुप्फुस छातीच्या भिंतीलगत फुललेले राहते. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या, तर त्या सरकतात, पण सहजी सुट्या होत नाहीत. तसेच काहीसे हे नाते आहे.

फुप्फुसाच्या पृष्ठभागाला कोठे बारीकसे छिद्र पडले, तर आतली हवा या दोन पदरांमध्ये शिरते. ओढ संपते आणि फुप्फुस आपल्या स्वभावानुसार मिटू लागते. कधी थोडेसे, कधी जवळजवळ पूर्ण. यालाच वैद्यकात न्यूमोथोरॅक्स म्हणतात. मराठीत ‘वातवक्ष’ असा शब्द वापरला जातो. यातला ‘वात’ म्हणजे पोटातला वायू नव्हे आणि आयुर्वेदातला वातदोषही नव्हे, तर फुप्फुसातून निसटून भलत्या जागी अडकलेली साधी हवा होय. म्हणून ओवा, हिंग किंवा शेक यांनी ती बाहेर पडत नाही.

हे नाव १८०३ साली इतार या फ्रेंच वैद्याने दिले. पुढे स्टेथोस्कोपचा जनक लायनेक याने १८१९ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्या काळी छातीत हवा शिरण्याचे मुख्य कारण क्षयरोग हेच समजले जाई. वरकरणी निरोगी असलेल्या तरुणांतही हे घडते, ही गोष्ट डेन्मार्कमधील केअरगार्ड या वैद्याने १९३२ साली ठळकपणे मांडली. आपल्यापैकी काही ज्येष्ठांनी जुन्या क्षयरोग्यांच्या ‘छातीत हवा भरण्याच्या’ उपचाराविषयी ऐकले असेल. परिणामकारक औषधे येण्यापूर्वी रोगट फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून डॉक्टर ते मुद्दाम मिटवत असत. येथे तीच घटना कोणी न घडवता, न सांगता घडते.

नेमका धडधाकट तरुणच का?

या आजाराचा ठरावीक रुग्ण साधारणपणे पंधरा ते तीस-पस्तीस या वयातला, उंच, सडपातळ मुलगा असतो. मुलींतही हा आजार होतो, पण कमी. उंच शरीरात फुप्फुसाच्या शेंड्यावर ताण अधिक पडतो, असे मानले जाते. त्या शेंड्याशी अनेकदा पाण्याच्या फोडासारखे, परंतु हवेने भरलेले बारीक फुगे तयार झालेले असतात. असा फुगा फुटतो आणि हवा निसटते. पूर्वी कोणताही त्रास नसल्यामुळे हे फुगे आहेत, याची घरात कोणालाच कल्पना नसते.

धूम्रपानाने हा धोका कित्येक पटींनी वाढतो. सिगारेट आणि बिडी यांबरोबरच गांजाचा धूरही फुप्फुसाला घातक असतो. काही घराण्यांत एकाहून अधिक व्यक्तींना हा त्रास होतो. फार उंच बांधा, असाधारण लांब हात व बोटे, डोळ्यांच्या भिंगाचे विकार अशी लक्षणे एकत्र असतील, तर मारफान सिंड्रोम या जन्मजात विकाराचा विचार करावा लागतो. एखाद्या तरुणीला हा त्रास पुन्हा पुन्हा मासिक पाळीच्या सुमारास होत असेल, तर ती बाब डॉक्टरांना आवर्जून सांगावी. त्यामागे एंडोमेट्रिओसिस हे कारण असू शकते. आपल्या देशात क्षयरोग हे कारण आजही विसरून चालत नाही.

घरात दोषारोप सुरू होण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा प्रकार बहुधा स्वस्थ बसलेले असताना किंवा किरकोळ हालचाल करताना घडतो. ‘जिममध्ये वजने उचललीस म्हणून झाले’, ‘रात्रभर मोबाइलवर वाकून बसतोस म्हणून झाले’ ही वाक्ये मुलाला दुखावतात, आणि निदानाला त्यांचा काहीच उपयोग होत नाही.

उसण, पित्त की आणखी काही?

छातीतली प्रत्येक कळ म्हणजे मिटलेले फुप्फुस नव्हे. तरुण वयातल्या बहुतेक कळा स्नायूंच्या किंवा पित्ताच्या असतात. फरक ओळखण्यासाठी आपण तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: दुखणे कसे सुरू झाले? फुप्फुस मिटते तेव्हा कळ एकाएकी येते. ‘शर्ट घालत होतो तेव्हा’, ‘वर्गात बसलो होतो तेव्हा’ असा क्षण रुग्ण नेमका सांगू शकतो. स्नायूची उसण बहुधा विशिष्ट हालचालीनंतर येते. पित्ताची जळजळ हळूहळू वाढते, छातीच्या मध्यभागी असते आणि तिचा खाण्याशी संबंध असतो.

दुसरा प्रश्न: दुखणे कोठे आहे आणि श्वासाने वाढते का? येथे दुखणे एकाच बाजूला असते आणि दीर्घ श्वास किंवा खोकल्याने टोचते. ते खांद्याकडे किंवा पाठीकडेही जाऊ शकते. स्नायूच्या दुखण्यात बोटाने दाबल्यावर नेमकी जागा दुखते. मिटलेल्या फुप्फुसात बहुधा तसे होत नाही. मात्र केवळ दाबून पाहून निष्कर्ष काढू नये.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: दम लागतो का? मुलगा पूर्ण वाक्य एका श्वासात बोलतो का, चालताना थांबतो का, झोपण्याऐवजी बसून राहणे पसंत करतो का, हे पाहावे. काहींना कोरडा खोकला येतो. तरुण शरीर एका फुप्फुसावरही बराच वेळ निभावून नेते. म्हणून दम अगदी थोडा असला, तरी त्याला किरकोळ समजू नये.

आता पुन्हा त्या दुपारकडे वळू. फुप्फुसाच्या आवरणाला बसलेल्या पहिल्या धक्क्याची तीव्र कळ काही तासांत बोथट होते आणि पुष्कळदा दिवसभरात थांबतेही. फुप्फुस मात्र तसेच मिटलेले असू शकते. त्यामुळेच अनेक तरुण दोन-तीन दिवसांनी, कधी आठवड्याने, ‘हल्ली दम लागतो’ एवढीच तक्रार घेऊन डॉक्टरांकडे पोहोचतात. तोपर्यंत पहिल्या दिवसाची कळ सगळे विसरून गेलेले असतात. आपण ती विसरू नये. ती कोणत्या वारी, किती वाजता आली, हे कागदावर लिहून ठेवावे. डॉक्टरांच्या दृष्टीने ती नोंद मोलाची असते.

कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर पुष्कळ घरांत अजून असतो. त्यावर ९७ किंवा ९८ आकडा दिसला की मन निश्चिंत होते. परंतु तरुणाचे एक फुप्फुस काही प्रमाणात मिटलेले असूनही हा आकडा अगदी चांगला राहू शकतो. आकडा कमी असेल तर धोका नक्की आहे. आकडा चांगला असेल तर धोका नाही, असे मात्र म्हणता येत नाही.

एक क्षणही थांबू नये अशी वेळ

कधी कधी छिद्राची रचना झडपेसारखी होते. प्रत्येक श्वासाबरोबर हवा आत शिरते, पण परत जाऊ शकत नाही. दाब वाढत जाऊन दुसरे फुप्फुस व हृदय एका बाजूला ढकलले जातात आणि हृदयाकडे परतणारे रक्त अडते. अशी अवस्था तुलनेने क्वचित येते, पण आल्यास काही मिनिटांत प्राणावर बेतू शकते.

दम झपाट्याने वाढणे, एकेक शब्द तोडून बोलणे, ओठ किंवा नखे निळसर होणे, दरदरून घाम सुटणे, नाडी फार जलद चालणे, भोवळ येणे किंवा मुलगा गोंधळल्यासारखा वागणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला बळेच आडवे करू नये. त्याला ज्या स्थितीत बरे वाटते त्या स्थितीत, बहुधा बसवून, ठेवावे. या अवस्थेत डॉक्टर एक्स-रेसाठी थांबत नाहीत. तपासणीवरूनच निदान करून छातीत सुई घालून कोंडलेली हवा बाहेर काढतात. ‘आधी फोटो तरी काढा’ असा आग्रह नातेवाइकांनी अशा वेळी धरू नये.

डॉक्टर निदान कसे करतात?

एरवीच्या रुग्णात निदानाची सुरुवात हातांनी आणि कानांनी होते. डॉक्टर छातीच्या दोन्ही बाजू ताडून पाहतात. मिटलेल्या बाजूची हालचाल कमी असते, स्टेथोस्कोपने श्वासाचा आवाज क्षीण येतो किंवा येतच नाही. छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने टिचकी मारली, तर त्या बाजूला पोकळ डब्यासारखा घुमणारा नाद येतो. टिचकीने छाती तपासण्याची ही पद्धत औएनब्रुगर या ऑस्ट्रियन वैद्याने १७६१ मध्ये प्रसिद्ध केली. तो खानावळवाल्याचा मुलगा होता आणि पिंप किती भरले आहे हे त्यावर ठोकून ओळखण्याची रीत त्याला ठाऊक होती, असे सांगतात. अडीचशेहून अधिक वर्षांनंतरही ही पद्धत कामी येते. मात्र मिटलेला भाग लहान असेल, तर हाताला व कानाला तो जाणवेलच असे नाही.

म्हणून छातीचा एक्स-रे आवश्यक ठरतो. तो शक्यतो उभे राहून, दीर्घ श्वास भरून काढतात. मिटलेल्या फुप्फुसाची कड त्यावर एका बारीक पांढऱ्या रेषेसारखी दिसते. त्या रेषेच्या बाहेर, बरगड्यांपर्यंत, रक्तवाहिन्यांच्या खुणा दिसत नाहीत, नुसता काळोख दिसतो. एका एक्स-रेतून शरीरात जाणारा किरणोत्सार अत्यल्प, म्हणजे काही दिवसांत निसर्गतः मिळतो तितकाच असतो. त्या भीतीने ही तपासणी टाळणे योग्य नव्हे.

आडवे झोपवून काढलेल्या एक्स-रेत थोडी हवा नजरेतून सुटू शकते. अशा वेळी, किंवा रुग्णाला उभे राहता येत नसेल तेव्हा, सोनोग्राफी उपयोगी पडते. निरोगी छातीत श्वासागणिक फुप्फुसाचा पदर छातीच्या आतल्या पदरावर सरकताना दिसतो. मध्ये हवा शिरली की हे सरकणे दिसेनासे होते. सीटी स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. चित्र अस्पष्ट असेल, पूर्वीचा फुप्फुसाचा आजार असेल किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर तो करतात. फुप्फुसातच असलेला हवेचा मोठा फुगा कधी कधी एक्स-रेत मिटलेल्या फुप्फुसासारखा भासतो. तेथे चुकून नळी घातली तर अपाय होतो. अशा शंकेच्या वेळीही सीटी स्कॅन निर्णायक ठरतो.

यासोबत ईसीजी काढतात, कारण हृदयाच्या विकारांची शंका दूर करणे गरजेचे असते. परंतु ‘ईसीजी चांगला आला’ एवढ्यावर समाधान मानू नये. ईसीजी हृदयाविषयी सांगतो, मिटलेले फुप्फुस त्यावरून ओळखता येत नाही. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणे, न्यूमोनिया, हृदयाच्या आवरणाची सूज यांचीही लक्षणे मिळतीजुळती असतात. म्हणून तरुण रुग्णाची एका बाजूची, अचानक आलेली, श्वासाने वाढणारी कळ असेल आणि नुसते वेदनाशामक लिहून दिले जात असेल, तर आपण नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे, “डॉक्टर, छातीचा एक्स-रे आजच काढून घ्यावा का?” हा प्रश्न विचारण्यात कोणाचा अवमान नाही.

वडीलधाऱ्यांनी खोलीबाहेर थांबावे असा क्षण

निदानाच्या वाटेवरचा एक अडथळा घरातूनच येतो. डॉक्टर विचारतात, “सिगारेट ओढतोस का?” आणि शेजारी आजोबा उभे असतात. उत्तर काय येणार, हे आपण जाणतोच. तरुणांच्या बाबतीत हे उत्तर खरे मिळणे फार गरजेचे असते. कारणासाठीही आणि पुढच्या काळजीसाठीही. तेव्हा आपणच म्हणावे, “तुम्ही दोघे बोला, मी बाहेर बसतो.” नंतर ‘काय सांगितलेस?’ अशी चौकशी करू नये. त्या दोन मिनिटांच्या एकांताचे मोल एखाद्या तपासणीइतके असू शकते.

निदानानंतर

उपचार हवेच्या प्रमाणावर आणि त्याहूनही रुग्णाच्या त्रासावर ठरतात. त्रास नसेल, तर केवळ निरीक्षण व पुन्हा एक्स-रे पुरतो. अडकलेली हवा शरीर हळूहळू, काही आठवड्यांत शोषून घेते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे ३१६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्यावर प्रथम केवळ देखरेख ठेवली त्यांच्यापैकी सुमारे ८५ टक्के रुग्णांना नळी घालावीच लागली नाही. म्हणून ‘डॉक्टर काहीच करत नाहीत’ असे वाटून धीर सोडू नये; योग्य रुग्णात देखरेख हाही उपचारच असतो. मात्र हा निर्णय एक्स-रे पाहून डॉक्टरांनी घ्यायचा असतो, घरी बसून आपण नव्हे.

दम लागत असेल, तर सुईने हवा काढतात किंवा बरगड्यांमधून नळी घालून ती पाण्याच्या बाटलीला जोडतात. बाटलीतले पाणी हवेला बाहेर जाऊ देते, परत येऊ देत नाही. श्वासाबरोबर नळीतले पाणी वरखाली होणे आणि त्यातून बुडबुडे निघणे यात घाबरण्यासारखे काही नसते. बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली, सरळ उभी ठेवावी आणि स्वतःहून नळीला चिमटा लावू नये. बुडबुडे एकाएकी थांबले आणि त्याच वेळी दम वाढला, तर परिचारिकेला तत्काळ बोलवावे.

पहिल्यांदा हा आजार झालेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांना तो पुन्हा होतो, बहुतेकदा पहिल्या वर्षात. वारंवार झाल्यास दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने फुगे काढून दोन्ही पदर एकमेकांना चिकटवतात. फुप्फुस पूर्ण फुलले हे एक्स-रेने निश्चित होईपर्यंत विमानप्रवास करू नये, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि अडकलेली हवा प्रसरण पावते. त्यानंतरही साधारण आठवडाभर थांबावे आणि डॉक्टरांची अनुमती घ्यावी. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात होणारे स्कूबा डायव्हिंग अशा तरुणांनी कायमचे टाळावे, असाच सल्ला सहसा दिला जातो. धूम्रपान सोडणे हा पुन्हा होणे टाळण्याचा रुग्णाच्या स्वतःच्या हातातला सर्वांत मोठा उपाय आहे.

एक शब्द ज्येष्ठांच्या स्वतःविषयी. अनेक वर्षांच्या विडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने दमा-सीओपीडी झालेल्यांतही फुप्फुस असेच मिटू शकते, आणि तेथे थोडी हवाही जीवघेणी ठरते. नेहमीचा दम एकाएकी वाढला, विशेषतः एका बाजूच्या कळेसह, तर नुसता पंप वाढवत बसू नये. लगेच रुग्णालय गाठावे.

घरी काय करावे, काय करू नये

मुलाला बसते करावे, धीर द्यावा, वेळ लिहून ठेवावी आणि त्याच दिवशी एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे. त्याने स्वतः दुचाकी चालवत जाऊ नये. छातीला मालिश करू नये. प्राणायाम, फुगे फुगवणे किंवा जोराने फुंकर मारण्याचे व्यायाम निदान होईपर्यंत करू देऊ नयेत. जुने एक्स-रे असतील तर सोबत घ्यावेत.

ओव्याची पुरचुंडी आणि गरम पाण्याची पिशवी यांनी आपल्या घरांतल्या कित्येक उसणी बऱ्या केल्या आहेत, यापुढेही करतील. परंतु तरुण मुलाची कळ अचानक आलेली, एकाच बाजूची आणि श्वासात टोचणारी असेल, तर पिशवी बाजूला ठेवून चपला घालाव्यात. दवाखान्यातून ‘काही नाही, उसणच होती’ असे ऐकून परत आलात, तर एक दुपार तेवढी गेली असेल. आणि एक्स-रेत ती बारीक पांढरी रेषा दिसली, तर ती वेळेवर दिसली असेल.